स्पर्धेच्या रेंजवर जुने रिव्हॉल्व्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथल्या स्थानिक शूटिंग क्लबांत जाऊ लागलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ‘जुने रिव्हॉल्व्हर’ म्हणजे साधारण १९०० ते १९७५ या काळात बनलेले, धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर, असे येथे धरले आहे. त्याहून जुन्या शस्त्रांचा विचार प्रश्न १६ मध्ये आहे. ‘स्पर्धा’ म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत होणारी, बक्षिसापेक्षा सरावासाठी भरणारी क्लब मॅच.

१. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर घेऊन स्पर्धेत उतरता येते का?

येते. बहुतेक क्लब रिव्हॉल्व्हरला वेगळ्या विभागात मोजतात, त्यामुळे सतरा गोळ्यांच्या पिस्तुलाशी तुमची थेट तुलना होत नाही. शस्त्र सुरक्षित असावे, काडतूस त्याच्याच जातीचे असावे आणि तुम्हाला ते नीट हाताळता यावे, एवढ्याच खऱ्या अटी आहेत. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १० किंवा कोल्टचे ऑफिशियल पोलिस यांसारखी रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या रोजच्या कामासाठी घडवलेली होती. चांगल्या अवस्थेतील अशा रिव्हॉल्व्हरला महिन्याकाठी शंभर-दीडशे साध्या काडतुसांचे काहीच ओझे होत नाही.

२. सुरुवात कोणत्या प्रकारच्या स्पर्धेपासून करावी?

माझे स्पष्ट मत असे की पहिली स्पर्धा पोलादी पाट्यांची, म्हणजे स्टील चॅलेंज पद्धतीची असावी. या प्रकारात प्रत्येक स्टेजवर पाच पाट्या असतात, त्यांतली शेवटची पाटी लागली की तुमची वेळ थांबते, आणि बहुतेक स्टेजवर पाच फेऱ्यांपैकी उत्तम चार फेऱ्यांची बेरीज धरतात. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला हे अगदी सोयीचे आहे, कारण पाच पाट्यांनंतर चुकलेल्या नेमासाठी एक गोळी शिल्लक राहते आणि पुन्हा भरण्याचे काम दोन फेऱ्यांच्या मध्ये, घड्याळ बंद असताना होते. आयर्न साइटच्या (साध्या, दुर्बीण नसलेल्या साइटच्या) रिव्हॉल्व्हरसाठी येथे स्वतंत्र विभागही आहे.

बुल्सआय हा दुसरा चांगला पर्याय. एका हाताने, उभे राहून, पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या झाडायच्या असतात; टाइम्ड फायरमध्ये पाच गोळ्यांना २० सेकंद आणि रॅपिड फायरमध्ये १० सेकंद मिळतात. धावपळ अजिबात नसल्याने जुन्या शस्त्राला आणि नव्या नेमबाजाला हा प्रकार मानवतो.

आयडीपीए आणि यूएसपीएसए या व्यावहारिक नेमबाजीच्या संघटनांच्या प्रकारांत चालता चालता, आडोशामागून आणि घड्याळ सुरू असताना काडतुसे भरावी लागतात, म्हणून ते तिसऱ्या पायरीवर ठेवावेत. आयडीपीएच्या रिव्हॉल्व्हर विभागात नळीच्या लांबीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आहे. पाच किंवा सहा इंची नळीचे सुंदर जुने रिव्हॉल्व्हर घेऊन लांबचा प्रवास करण्याआधी त्या वर्षीचे नियमपुस्तक जरूर पाहावे. केवळ रिव्हॉल्व्हरसाठी चालणारी आयकोर ही संघटना १९९१ पासून आहे; तिच्या मॅच जवळपास होत असतील तर तेथे अनुभवी माणसे भेटतात.

३. मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राचे रिव्हॉल्व्हर फक्त स्पर्धेपुरते वापरले तर चालेल का?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण येथे नकळत झालेली चूकही फार महाग पडते. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई केली आहे, आणि मित्राचे रिव्हॉल्व्हर रेंजवर तात्पुरते हातात घेणे हेही ‘जवळ बाळगणे’ ठरू शकते. या मनाईला काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, त्या दिवशी वैध असलेला शिकारीचा परवाना तुमच्याजवळ असणे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. राज्यांचे कायदे याशिवाय वेगळे असतात, आणि तुमचा इमिग्रेशनचा अर्ज प्रलंबित असेल तर वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय रेंजवर पाऊल ठेवू नये.

४. स्पर्धेला जाताना रिव्हॉल्व्हर गाडीतून कसे न्यावे?

रिकामे करून, कुलूपबंद पेटीत आणि डिकीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना संघीय कायदा प्रवाशाला जे संरक्षण देतो, ते शस्त्र रिकामे असेल आणि शस्त्र व काडतुसे हाताशी नसतील तरच मिळते. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन आसनांमधला कप्पा त्यासाठी चालत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया येथे राहणाऱ्यांनी राज्याचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत.

५. जुने रिव्हॉल्व्हर झाडण्याजोगे आहे की नाही, हे घरी कसे तपासावे?

आधी सिलिंडर (काडतुसे भरण्याचे फिरते नळकांडे) उघडून सगळी चेंबर (एकेका काडतुसाची भोके) रिकामी असल्याची खात्री करा, मग पुन्हा एकदा करा, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यानंतर पुढील तपासण्या शांतपणे कराव्यात.

पहिली तपासणी टायमिंगची. डाव्या हाताचे बोट सिलिंडरला हलकेच टेकवून थोडा अडथळा निर्माण करा आणि उजव्या अंगठ्याने घोडा (हॅमर) अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याच्या आत सिलिंडर जागेवर धरणारी कळ आपल्या खाचेत ‘टक्’ आवाज करून बसली पाहिजे. सहाही चेंबरवर हे करून पाहावे, कारण जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच ठीक आणि सहावे आळशी, असे वारंवार आढळते. कळ बसण्याआधीच घोडा अडकत असेल, तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडाला घासून शिशाचे कण बाजूच्या माणसाच्या अंगावर उडतात. जुन्या कोल्टमध्ये हा दोष अधिक दिसतो, कारण त्यांची यंत्रणा चाप (ट्रिगर) दाबलेल्या स्थितीत सिलिंडर अजिबात न हलू देणारी, अतिशय घट्ट घडवलेली असते आणि त्यासाठी सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीवर सतत दाब येतो.

दुसरी तपासणी सिलिंडरच्या पुढेमागे हलण्याची, आणि तिच्यासोबत सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीची. ही फट फीलर गेजने मोजतात, साधारण ०.००४ ते ०.०१० इंचांपर्यंत ती ठीक मानतात. तिसरी तपासणी घोड्याच्या पकडीची : घोडा मागे ओढून ठेवा आणि चापाला हात न लावता अंगठ्याने त्याला मागून पुढे ढकला. तो सुटला, तर ते रिव्हॉल्व्हर दुरुस्तीपर्यंत वापरातून बाद.

शेवटी उजेडात नळीतून पाहा. आतील पेचांवर कुठेही पूर्ण वर्तुळाकार काळसर कडे दिसले, तर नळी तिथे फुगलेली असण्याची शक्यता मोठी असते. नळीचे मागचे तोंड भिंगाखाली पाहून तडा नाही ना, हेही बघावे. यांपैकी कशाचीही शंका आली, किंवा शस्त्राचा इतिहास ठाऊक नसेल, तर रिव्हॉल्व्हरचे काम जाणणाऱ्या गनस्मिथकडे द्यावे. त्याच्याकडील रेंज रॉड नावाची सळई नळीतून प्रत्येक चेंबरमध्ये सरळ उतरते की नाही, यावरून पक्का निर्णय होतो.

६. नळीवर ‘.३८’ लिहिले आहे. दुकानातले कोणतेही .३८ चे काडतूस चालेल का?

नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. .३८ स्पेशल आणि .३८ स्मिथ अँड वेसन ही दोन पूर्णपणे वेगळी काडतुसे आहेत. दुसरे लांबीला आखूड, पण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या खोळीच्या) घेराला जाड असते. त्याच्या गोळीचा व्यास सुमारे .३६१ इंच, तर .३८ स्पेशलच्या गोळीचा .३५८ इंच असतो. दाबाची कमाल मर्यादा पहिल्याची १७,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) आणि दुसऱ्याची १४,५०० पीएसआय आहे.

कोल्टच्या रिव्हॉल्व्हरवर ‘.३८ न्यू पोलिस’ असे कोरलेले असेल, तर ते .३८ स्मिथ अँड वेसनच समजावे. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या नळीवर येऊ नये म्हणून कोल्टने हे नाव वापरले होते. कोल्ट पोलिस पॉझिटिव्ह आणि कोल्ट पोलिस पॉझिटिव्ह स्पेशल या दोन नावांतला फरकही म्हणूनच नीट वाचावा.

दुसरा सापळा दुसऱ्या महायुद्धातील स्मिथ अँड वेसनच्या व्हिक्टरी मॉडेलचा. अमेरिकेसाठी ते .३८ स्पेशलमध्ये, तर ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील देशांसाठी .३८ स्मिथ अँड वेसनमध्ये बनले. युद्धानंतर ब्रिटनहून परत आलेल्या अनेक नगांची चेंबर खोल कोरून त्यांत .३८ स्पेशल बसेल अशी सोय करण्यात आली. पण चेंबरची मागची बाजू मूळचीच रुंद असल्यामुळे .३८ स्पेशलची पुंगळी तिथे फुगते, कधी उभी चिरते, आणि बारीक गोळी रुंद नळीतून जाताना नेमही सैल होतो. झाडलेली पुंगळी हातात घेऊन कडेकडून बोट फिरवले, तर बुडाजवळचा फुगवटा सहज जाणवतो. असे रिव्हॉल्व्हर स्पर्धेसाठी घेऊ नये. हाती असेलच, तर आधी गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्यावे.

७. जुन्या .३८ स्पेशलमध्ये प्लस पी काडतुसे चालतात का? आणि .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण ताकदीची?

स्पर्धेसाठी दोन्हींची गरज नाही. प्लस पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे, ही वर्गवारी १९७० च्या दशकातली आहे. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरचे मोजमाप त्या दाबासाठी केलेलेच नव्हते. स्मिथ अँड वेसनने मिलिटरी अँड पोलिसच्या (म्हणजे नंतरच्या मॉडेल १० च्या) सिलिंडरवर उष्णता-प्रक्रिया सुरू केली ती १९१९ च्या सुमारास. त्याआधीच्या नगांत तर साधी, शिशाच्या गोळीची काडतुसेच वापरावीत.

मॉडेल १९ सारख्या मध्यम आकाराच्या .३५७ मध्ये नळीचे मागचे तोंड खालच्या बाजूने थोडे तासलेले असते. १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी नेमके तिथेच तडे जातात आणि त्या जातीची नवी नळी आता सहज मिळत नाही. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल वापरावे आणि घरी आल्यावर चेंबरमध्ये साचलेले कडे घासून काढावे (प्रश्न १४ पाहा).

८. पॉवर फॅक्टर म्हणजे काय? माझी सौम्य काडतुसे त्यात बसतील का?

गोळीचे वजन ग्रेनमध्ये, तिचा वेग सेकंदाला फुटांत. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. आयडीपीएच्या साध्या रिव्हॉल्व्हर उपविभागाला किमान १०५, आयकोरला १२० आणि यूएसपीएसएला १२५ लागतो.

.३८ स्पेशलच्या डब्यावर पुष्कळदा १५८ ग्रेन आणि ७५५ फूट असे आकडे असतात. गुणाकार १,१९,२९० येतो, म्हणजे पॉवर फॅक्टर ११९. आयडीपीएला तो आरामात पुरतो, आयकोरला मात्र एका अंकाने कमी पडतो. १३० ग्रेनची गोळी ८०० फुटांनी निघत असेल, तर १०४ येतो आणि आयडीपीएलाही पुरत नाही. १४८ ग्रेनचे वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचे काडतूस, नेमासाठी अप्रतिम आहे, पण ६९० फुटांना त्याचा पॉवर फॅक्टर १०२ भरतो. शिवाय डब्यावरचा वेग बहुधा चाचणीच्या नळीतला असतो आणि तुमच्या चार इंची, झिजलेल्या नळीत तो कमी पडू शकतो. क्लबच्या साध्या मॅचमध्ये क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) क्वचितच लावतात; तरीही नियमात बसणारे काडतूस वापरणे हाच प्रामाणिकपणा आहे, आणि शस्त्र जुने म्हणून जास्त ताकदीचे काडतूस सोसत नसेल, तर पॉवर फॅक्टर न मोजणारी बुल्सआय किंवा स्टीलची मॅच निवडावी.

९. सहाही चेंबर भरावीत, की घोड्याखालचे एक रिकामे ठेवावे?

ते शस्त्राच्या रचनेवर अवलंबून आहे. १८७३ च्या कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मीमध्ये आणि त्या पद्धतीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली नेहमी रिकामे चेंबर असावे, म्हणजे सहाच्या जागी पाचच काडतुसे. त्यासाठी एक भरा, एक सोडा, मग सलग चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढून रिकाम्या चेंबरवर सावकाश उतरवा.

कोल्टच्या डबल अॅक्शन (चापाच्या एकाच दाबात घोडा मागे जाऊन सुटणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये १९०५ पासून ‘पॉझिटिव्ह लॉक’ (चाप न दाबता घोडा काडतुसावर आदळू न देणारी रचना) आले. स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत १९४४ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जहाजाच्या डेकवर पडलेल्या एका व्हिक्टरी मॉडेलमधून गोळी सुटून नौसैनिकाचा जीव गेला आणि कंपनीने नव्या रचनेचा, सरकणारा हॅमर ब्लॉक (घोड्याला अडवणारा छोटा तुकडा) बसवायला घेतला. अशा नगांच्या अनुक्रमांकात ‘व्ही’सोबत ‘एस’ अक्षर आले. त्याआधीच्या नगात मी पाचच काडतुसे भरण्याचा आग्रह धरेन, आणि हे मॅचच्या आधी रेंज ऑफिसरला सांगून ठेवावे. नव्या नगातही, कोणी हौसेने यंत्रणा उघडून तो छोटा तुकडा परत बसवायचा राहिला नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

१०. घड्याळ सुरू असताना सहा गोळ्या संपल्या, तर पुन्हा लवकर कसे भरावे?

ही कृती सावकाश शिकावी. वेग आपोआप येतो. उजव्या हाताने झाडणाऱ्याने रिव्हॉल्व्हर डाव्या हातात घ्यावे, उजव्या अंगठ्याने सिलिंडर उघडण्याची कळ सरकवून (स्मिथ अँड वेसनमध्ये पुढे, कोल्टमध्ये मागे) डाव्या हाताची मधली दोन बोटे चौकटीतून आरपार घालत सिलिंडर बाहेर काढावा. नळी वर करून इजेक्टरची (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाची) दांडी तळहाताने किंवा अंगठ्याने एकदाच, पूर्ण आणि ठाम दाबावी. अर्धवट दाबली की एखादी पुंगळी ताऱ्याच्या आकाराच्या इजेक्टरखाली शिरते आणि मग ती नखाने काढण्यात सगळी फेरी जाते. नळी वर असली की जळायची राहिलेली बारूद पुंगळ्यांबरोबर खाली पडते, इजेक्टरखाली साचत नाही. मात्र नळी वर करतानाही ती मातीच्या बांधाच्या दिशेनेच राहिली पाहिजे. खांद्यावरून मागे किंवा बांधाच्या माथ्यावरून पलीकडे गेली, तर तुम्हाला बाद करतात आणि ते योग्यच आहे.

नंतर नळी जमिनीकडे झुकवून स्पीडलोडर (सहाही काडतुसे एकदम भरणारे साधन) बसवायचा. एचकेएसचा लोडर गाठ फिरवून सुटतो आणि सफारीलँडचा पुढे दाबला की सुटतो. जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी दोन्ही चांगले, फक्त तुमच्या फ्रेमच्या आकाराचे घ्यावेत. सिलिंडर हाताने ढकलून बंद करावा. मनगटाच्या झटक्याने बंद करण्याची सवय सिलिंडरचा दांडा वाकवते, म्हणून ती कटाक्षाने टाळावी.

११. मूळ लाकडी मुठीला लोडर अडतो. मूठ तासावी का?

मुळीच नाही. मूळ मूठ काढून कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी आणि स्पर्धेसाठी त्याच फ्रेमची रबरी किंवा नवी लाकडी मूठ बसवावी. पुष्कळ जुन्या स्मिथ अँड वेसनच्या उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला रिव्हॉल्व्हरचाच अनुक्रमांक लिहिलेला असतो, आणि संग्राहक तो आवर्जून पाहतात.

१२. चाप एकाच दाबात ओढावा, की घोडा आधी मागे ओढून झाडावे?

बुल्सआयमध्ये घोडा मागे ओढून, बाकी सगळीकडे एकाच दाबात. जुन्या रिव्हॉल्व्हरचा लांब चाप सुरुवातीला जड वाटतो, पण तो सलग, न थांबता ओढायला जमले की दृष्टी पुढच्या साइटवरून हलत नाही. एड मॅकगिव्हर्न यांनी १९३२ साली साऊथ डकोटात डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरने १५ फुटांवरून पाच गोळ्या ०.४५ सेकंदात झाडल्या होत्या. या यंत्रणेत काय दडले आहे याचा तो पुरावा आहे, स्पर्धेच्या पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट नव्हे.

घरी रिकाम्या शस्त्राने सराव करताना स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसे) वापराव्यात. चाप हलका व्हावा म्हणून मुठीच्या पुढच्या पट्टीतला स्ट्रेन स्क्रू (घोड्याच्या स्प्रिंगचा ताण ठरवणारा) सैल करण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, बारूद पेटवणाऱ्या टोपीवर) घाव अपुरा बसतो आणि काडतुसे फुसकी जातात.

पिस्तुलाची सवय असलेल्यांसाठी एक सूचना : दोन्ही अंगठे पुढे सोडण्याची पकड रिव्हॉल्व्हरला चालत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून तप्त वायू बाजूला फेकले जातात, त्यामुळे अंगठे खाली वळवून एकावर एक ठेवावेत आणि आधाराच्या हाताचे कोणतेही बोट फटीजवळ नेऊ नये.

१३. सिलिंडर मध्येच अडला किंवा आवाज नेहमीपेक्षा कमी आला, तर काय करावे?

आवाज कमी आला, तर तत्क्षणी थांबावे. बारूद कमी असल्याने गोळी नळीतच राहिली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हणण्याची वाट पाहू नये. गोळी नळी आणि सिलिंडर यांच्या मध्ये अडकली असेल, तर सिलिंडर उघडतही नाही; अशा वेळी जोर न लावता, नळी बांधाकडे ठेवून ऑफिसरला बोलवावे. चाप ओढूनही काहीच झाले नाही आणि गोळी उशिरा सुटण्याची शंका असेल, तर नळी त्याच दिशेने किमान ३० सेकंद धरून ठेवावी.

नुसता सिलिंडर अडत असेल, तर कारणे ठरलेली आहेत : प्राइमर वर आलेला असणे, गोळी धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकणे, इजेक्टरखाली बारुदीचे कण साचणे, आणि जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये इजेक्टरची दांडी हळूहळू उसवणे. पहिली दोन हाताने भरलेल्या काडतुसांत जास्त आढळतात. दांडीचे पेच उजव्या बाजूचे असल्याने ती फिरता फिरता सैल व्हायची. म्हणून कंपनीने १९६० च्या आसपास पेच उलटे केले. प्रत्येक स्टेजआधी दांडी बोटाने चाचपून पाहावी.

१४. मॅचनंतर सफाई कशी करावी?

नळी आणि प्रत्येक चेंबर ब्रशने घासावे, इजेक्टरची खालची बाजू जुन्या टूथब्रशने पुसावी आणि तिथे तेल अजिबात सोडू नये, कारण बारुदीचे कण तेलाला चिकटतात. निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरला अमोनिया असलेले सॉल्व्हंट लावू नये. मुलाम्याला चीर असेल, तर ते आत शिरून तो सोलवते. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून साठवू नये, कारण चामडे ओल धरते. शिशाच्या गोळ्या वापरल्यावर खाण्यापिण्याआधी थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवावेत, आणि मॅचचे कपडे मुलांच्या कपड्यांसोबत धुवू नयेत.

होल्स्टरचा प्रश्नही नेहमी येतो : तो चाप पूर्ण झाकणारा आणि एका हाताने शस्त्र परत ठेवता येईल इतका ताठ असावा. रिव्हॉल्व्हरसोबत मिळालेला मऊ पडलेला मूळ होल्स्टर कपाटातच शोभतो.

१५. माझ्याकडे वेबली मार्क ६ आहे आणि त्यात .४५ एसीपी बसते. ते झाडता येईल का?

बसते म्हणून झाडू नये. १९१५ साली स्वीकारले गेलेले मार्क ६ हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि ब्रिटिश हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांचे रिव्हॉल्व्हर. त्यामुळे फौजेची परंपरा असलेल्या मराठी घरांतल्या माणसांना त्याची ओढ वाटते, हे मी समजू शकतो. त्याचे मूळ काडतूस .४५५. अमेरिकेत आलेल्या असंख्य नगांचे सिलिंडर मागून तासून त्यांत पिस्तुलाचे .४५ एसीपी काडतूस क्लिपसह (काडतुसे धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीसह) बसेल असे केले गेले. पण .४५ एसीपीची कमाल दाबमर्यादा २१,००० पीएसआय आहे आणि .४५५ चा दाब तिच्या कितीतरी खाली असतो. कारखान्यातले पूर्ण ताकदीचे .४५ एसीपी वारंवार झाडल्यास सिलिंडरला तडा जाण्याचा धोका असतो. तासलेला सिलिंडर असेल, तर जाणत्या माणसाने भरलेली, .४५५ च्या दाबाची काडतुसेच वापरावीत. न तासलेल्या नगासाठी फिओकीसारख्या कंपन्यांचे खरे .४५५ शोधावे.

.४५ एसीपीच झाडायची इच्छा असेल, तर स्मिथ अँड वेसनचे किंवा कोल्टचे १९१७ चे मॉडेल घ्यावे. ते त्याच काडतुसासाठी बनले आहे, आणि अर्धचंद्राकार क्लिपमुळे तीन-तीन काडतुसे एकदम भरता येतात. सुरुवातीच्या काही कोल्ट नगांत चेंबर आतून सरळ कोरलेली असल्याने क्लिपशिवाय काडतूस जागेवर ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

१६. १८९८ पूर्वीचे रिव्हॉल्व्हर स्पर्धेत चालेल का?

१८९८ पर्यंत बनलेले शस्त्र संघीय कायद्यात ‘अँटिक’ ठरते आणि त्याला बरेच नियम लागू होत नाहीत, पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो. आधुनिक काडतुसांनाही ती सवलत मिळेल असे धरू नये. व्हिसावर असलेल्यांनी प्रश्न ३ पुन्हा वाचावा. ही रिव्हॉल्व्हर काळ्या बारुदीच्या काळातली आहेत आणि त्यांत आजची धूरविरहित बारूद वापरू नये. स्पर्धेसाठी त्यांच्या नव्या प्रतिकृती घ्याव्यात.

१७. स्पर्धेत वापरल्याने जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कमी होते का?

पेटीसह, कागदपत्रांसह, न झाडलेल्या अवस्थेतील नग असेल तर होते. तो स्पर्धेला नेऊच नये. ज्याचे निळे पॉलिश होल्स्टरने आधीच घासले गेले आहे, अशा कामाच्या रिव्हॉल्व्हरचे फारसे काही बिघडत नाही. किंमत खरी घटते ती नवे पॉलिश चढवल्याने, साइट बदलण्यासाठी फ्रेम कोरल्याने आणि मूळ सुटे भाग हरवल्याने. स्पर्धेसाठीचा कोणताही बदल परत फिरवता येण्याजोगा असावा, अशी मर्यादा स्वतःला घालून घ्यावी.

१८. हे रिव्हॉल्व्हर पुढे भारतात घरी नेता येईल का?

सामानासोबत कधीही नेऊ नये. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर किंवा काडतुसे बाळगणे हा गुन्हा आहे, आणि पर्समध्ये राहून गेलेल्या एका काडतुसावरूनही विमानतळावर अडवले जाते. स्पर्धेची बॅग आणि प्रवासाची बॅग म्हणूनच कायम वेगळी ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली आहे. परत जायचे ठरले, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत रिव्हॉल्व्हर विकावे किंवा हस्तांतरित करावे आणि व्यवहाराची पावती जपून ठेवावी.